चाल आणि मुद्रा : बंडखोर गीताच्या पुनर्गायनाविषयी

एका कलावंताची गीते इतर अनेक कलावंतांनी आपापल्या पद्धतीने पुन्हा गावीत, आणि ती सर्व एकत्र करून मूळ कलावंताच्या गौरवार्थ प्रसिद्ध करावीत, हा ध्वनिमुद्रिकांचा एक प्रकार पाश्चात्त्य देशांत गेल्या काही दशकांत चांगलाच रूढ झाला आहे. अशा संग्रहास तिकडे ‘ट्रिब्यूट अल्बम’ म्हणतात आणि त्यातील प्रत्येक गायनास ‘कव्हर’. प्रस्तुत लेखात पहिल्यासाठी ‘गौरवसंग्रह’ आणि दुसऱ्यासाठी ‘पुनर्गायन’ हे शब्द योजिले आहेत. ‘पुनर्गायन’ हा शब्द काहीसा ओबडधोबड आहे, हे मान्य. पण ‘नक्कल’, ‘अनुकरण’ किंवा ‘नवा आविष्कार’ यांपैकी कोणताही शब्द घेतला तर निर्णय आधीच दिल्यासारखे होते, आणि येथे तर निर्णयाचाच शोध घ्यावयाचा आहे.

एरवी हा विषय संगीतव्यवहाराचा, किंबहुना व्यापाराचा, म्हणून सोडून देता आला असता. तथापि ज्या गीताचा जन्मच प्रस्थापित अभिरुचीस नकार देण्यासाठी झाला, त्या गीताचा गौरव करावयाचा म्हणजे नेमके काय करावयाचे, असे विचारले की त्याचे स्वरूप पालटते. अशा गीताची दोन उदाहरणे येथे विचारार्थ घेतली आहेत : अमेरिकेतील पंक रॉक आणि महाराष्ट्रातील भीमगीत. ही जोडी काहींना विजोड वाटेल. पंकमध्ये थट्टा आहे, स्वतःचीच टर उडविणे आहे, रिकाम्या दुपारीचा कंटाळा आहे. भीमगीतात कृतज्ञता आहे आणि माणूस म्हणून जगण्याचा हक्क मागणारा गंभीर स्वर आहे. एकाचे दुःख दुसऱ्याच्या दुःखाच्या पासंगालाही पुरणार नाही. परंतु तुलना दुःखाची करावयाची नसून साधनांची करावयाची आहे. अल्प खर्च, साधी चाल, कोणालाही उचलता यावे असे गायन, आणि सभ्य समजल्या जाणाऱ्या संगीताच्या दाराबाहेर उभे राहून मिळविलेला श्रोता, एवढ्या गोष्टी दोन्हीकडे आहेत. आणि एवढ्यापुरती तुलना फलदायी ठरते, असे मला वाटते.

प्रथम परदेशी उदाहरण पाहू. रमोन्स हा वाद्यवृंद १९७४ साली न्यूयॉर्क शहराच्या क्वीन्स विभागातील फॉरेस्ट हिल्स येथे चार तरुणांनी उभारला. त्यांची पहिली ध्वनिमुद्रिका एप्रिल १९७६ मध्ये निघाली. तीत चौदा गाणी होती, एकूण कालावधी अर्ध्या तासाहून कमी होता आणि ध्वनिमुद्रणाचा खर्च सुमारे ६,४०० डॉलर आला होता. त्या काळच्या रॉक संगीतात लांबलचक एकल वादने, भव्य रंगमंच आणि वादनकौशल्याचे प्रदर्शन यांना महत्त्व आलेले होते. रमोन्सनी ते सर्व बाजूस सारले. तीन-चार स्वरमेळ, एकच धावती लय, जॉनी रमोन यांच्या गिटारवर केवळ वरून खाली येणारे आघात, आणि दोन मिनिटांच्या आसपास गाणे समाप्त. ऐकणाऱ्यास ‘हे मलाही जमेल’ असे वाटावे, हाच त्या संगीताचा मोठा गुण होता, आणि त्या वाटण्यातून अक्षरशः शेकडो वाद्यवृंद जन्मास आले. १९९६ साली विसर्जन होईपर्यंत त्यांनी दोन हजारांहून अधिक कार्यक्रम केले. धनलाभ मात्र बेताचाच झाला. पहिल्या ध्वनिमुद्रिकेच्या पाच लाख प्रतींची अमेरिकेतील अधिकृत नोंद होण्यास २०१४ साल उजाडावे लागले. प्रभाव प्रचंड आणि खप अल्प, असा हा विरळा प्रकार आहे.

त्यांच्या गौरवार्थ ‘वुई आर अ हॅपी फॅमिली’ हा संग्रह २००३ साली प्रसिद्ध झाला. गायक जोई रमोन २००१ मध्ये आणि गीतकार-वादक डी डी रमोन २००२ मध्ये निवर्तले होते. जॉनी रमोन यांनी रॉब झॉम्बी यांच्या साहाय्याने हे काम पार पाडले, आणि पुढच्याच वर्षी तेही गेले. संग्रहात भाग घेणाऱ्यांची नामावळी पाहिली की पहिला धक्का बसतो. यू-टू, मेटॅलिका, किस, रेड हॉट चिली पेपर्स, मॅरिलिन मॅन्सन, ग्रीन डे, प्रिटेंडर्स, टॉम वेट्स. सोबतचे टिपण स्टीफन किंग या लोकप्रिय कादंबरीकाराचे. यांतील बहुतेक मंडळी रमोन्सपेक्षा कितीतरी पटींनी अधिक धनवान आणि अधिक विख्यात. किस हा वाद्यवृंद तर रंगविलेले चेहरे आणि रंगमंचावरील आतषबाजी यांसाठीच प्रसिद्ध. म्हणजे ज्या थाटामाटाला नकार देऊन पंक उभे राहिले, त्याच थाटामाटाचे प्रतिनिधी गौरवाच्या व्यासपीठावर दाटीवाटीने बसलेले दिसतात.

पण नामावळीवरून निकाल देणे हे समीक्षकाचे काम नव्हे. गायन ऐकले पाहिजे. ग्रीन डे आणि रॅन्सिड यांची गाणी मुळाबरहुकूम आहेत. लय तीच, आघात तेच, लांबीही जवळपास तीच. ती ऐकताना आनंद होतो आणि दुसऱ्यांदा ऐकण्याची गरज भासत नाही, कारण मूळ उपलब्ध आहे. मेटॅलिकाने निवडलेले गाणे निराळ्या तोलाचे आहे. मॅनहॅटनमधील एका चौकात देहविक्रयासाठी उभ्या राहणाऱ्या तरुणाचे ते गाणे डी डी यांनी लिहिले, आणि त्याचा मधला तुकडा मूळ ध्वनिमुद्रिकेत ते स्वतः जवळजवळ किंचाळून गातात. तो तुकडा बेसूर आहे. त्या बेसूरपणातच लाजेचा आणि संतापाचा सारा अर्थ साठलेला आहे. मेटॅलिकाच्या भरघोस, वजनदार वादनात तो तुकडा भक्कम होतो, आणि भक्कम होताच निरर्थक होतो. एका एकाकी माणसाची कबुली एखाद्या फौजेने संचलन करीत म्हणावी, तसे काहीसे ते वाटते. मॅरिलिन मॅन्सन यांनी एका वेगवान, खेळकर गाण्याची लय मंद करून त्याला भीषण रूप दिले आहे. शीर्षकात भीषणता आहेच, पण मूळ गाण्याची गंमत ही की ते भीषण गोष्ट उड्या मारीत सांगते. भीषण गोष्ट भीषण स्वरात सांगण्यास फारशी प्रतिभा लागत नाही.

या सर्वांत टॉम वेट्स यांचे पुनर्गायन मला सर्वांत खरे वाटते, आणि विशेष म्हणजे ते मुळापासून सर्वांत दूर गेलेले आहे. घोगरा, खरवडलेला आवाज, मोडकळीस आलेल्या यंत्रासारखा ठेका. रमोन्सच्या सफाईदार वेगाचा त्यात मागमूसही नाही. मग ते खरे का वाटते? एक कारण असे की वेट्स यांनी गाण्याला मोठे केलेले नाही. त्यांच्या हाती असलेली साधनेही रमोन्सच्या साधनांइतकीच दरिद्री आहेत, फक्त दारिद्र्याचा प्रकार वेगळा आहे. दुसरे कारण देण्याघेण्याचे आहे. रमोन्सनी १९९५ च्या आपल्या अखेरच्या ध्वनिमुद्रिकेत वेट्स यांचेच एक गाणे आपल्या पद्धतीने गायिले होते. म्हणजे २००३ चे गायन ही परतफेड होती. ज्याच्याशी आपले देणेघेणे आहे त्याचा गौरव करताना माणूस त्याला सजवीत बसत नाही.

येथे रमोन्सविषयीची एक गोष्ट नमूद केली पाहिजे, कारण ती आपल्याला थेट मराठी परंपरेच्या उंबरठ्यावर आणून सोडते. चौघांपैकी कोणाचेही आडनाव रमोन नव्हते. पॉल मॅकार्टनी यांनी उमेदवारीच्या काळात घेतलेल्या एका टोपणनावावरून त्यांनी ते उचलले आणि चौघांनीही धारण केले. पुढे वादक बदलले, तरी नव्याने येणाऱ्याने तेच आडनाव लावावयाचे असा प्रघात पडला. हे आडनाव म्हणजे एक प्रकारची मुद्रा आहे. व्यक्ती बदलते, मुद्रा राहते. आपल्या संतकवितेत मुद्रा अभंगाच्या शेवटच्या चरणात येते, आणि तो अभंग कोणीही, कोठेही, कोणत्याही चालीत गायिला तरी कवीचे नाव गाणाऱ्याच्या तोंडूनच उच्चारले जाते. छापील पुस्तक नसले, गाणाऱ्यास अक्षरओळख नसली, तरी श्रेय चुकत नाही. ध्वनिमुद्रिकेच्या वेष्टनावर जे काम छापील अक्षरे करतात ते काम आपल्याकडे कवितेनेच आपल्या अंगावर घेतलेले आहे.

मुद्रा हे शेवटचे चिन्ह झाले. सुरुवातीचेही एक चिन्ह आपल्याकडे आहे, आणि त्याकडे वाङ्मयाच्या अभ्यासकांनी द्यावे तितके लक्ष दिलेले नाही. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘सौभद्र’ (१८८२) सारख्या संगीत नाटकांच्या छापील प्रतींत पदाच्या माथ्यावर ‘चाल’ असा शब्द घालून, ते पद कोणत्या आधीच्या गाण्याच्या वळणावर म्हणावयाचे, ते सांगितलेले असते. कधी ते आधीचे पद मराठी असते, कधी कानडी, कधी हिंदुस्थानी. ही केवळ गायकाची सोय नव्हती. चाल दुसऱ्याची आहे आणि शब्द माझे आहेत, अशी ती उघड नोंद होती, आणि तीत कमीपणा मानला जात नसे. तेव्हा मराठी गीताच्या दोन टोकांना दोन ऋणचिन्हे असत : माथ्यावर चाल, पायथ्याशी मुद्रा. पहिले चिन्ह संगीताचे देणे मान्य करते आणि दुसरे कवीचा हक्क सांगते. पुनर्गायनाच्या विचारास यापेक्षा चांगले साधन मला तरी दुसरीकडे सापडले नाही.

(ख्यालगायनातील बंदिशीचा प्रश्न येथे मुद्दामच घेतलेला नाही. बंदीश गाणारा कोणाचे पुनर्गायन करीत नसतो. बंदीश हा आराखडा असतो, आणि तो भरण्यासाठीच शिष्याच्या हाती दिलेला असतो. नाट्यपदांचे स्थान या दोहोंच्या मध्ये कोठेतरी आहे. ‘कट्यार काळजात घुसली’ या १९६७ च्या नाटकातील पंडित जितेंद्र अभिषेकींची पदे २०१५ च्या चित्रपटात नव्या गायकांनी गायिली, त्या वेळी झालेली चर्चा याच मधल्या जागेची होती. तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे.)

आता भीमगीताकडे वळू. सत्यशोधक जलशांच्या मागून, १९३० च्या दशकात, आंबेडकरी जलसे उभे राहिले. भीमराव कर्डक आणि त्यांचे सहकारी यांनी गण, गौळण, फार्स या तमाशाच्या अंगांना नवा आशय दिला, आणि गाण्यांसाठी लोकांच्या ओठांवर असलेल्या चाली निःसंकोचपणे घेतल्या. नाट्यपदांच्या घेतल्या, पुढे बोलपटांतील गीतांच्या घेतल्या. लोककवी वामनदादा कर्डक (१९२२–२००४) हे या परंपरेतील सर्वांत मोठे नाव. सिन्नर तालुक्यातील देशवंडीचा हा माणूस मुंबईच्या कामगार वस्तीत वाढला. १९४३ साली त्याने रचलेले पहिले गीत हे एका हिंदी चित्रपटगीताच्या चालीवरील विडंबन होते, असे त्याच्या चरित्रात नोंदलेले आहे. पंकमध्ये आणि भीमगीतात येथे एक विलक्षण उलटापालट दिसते. रमोन्सच्या गौरवसंग्रहात शब्द तेच राहतात, चालही बहुधा तीच राहते, आणि बदलतो तो बाज. भीमगीतात चाल जशीच्या तशी राहते आणि शब्द समूळ बदलतात. प्रेमिकेसाठी बांधलेली चाल चवदार तळ्याच्या पाण्याची कथा सांगू लागते. हेही पुनर्गायनच आहे, पण त्यात मुळाचा गौरव मुळीच अभिप्रेत नाही. मुळातून केवळ एक वाहन उचललेले आहे, कारण स्वतःचे वाहन घेण्याची ऐपत आणि सवड नव्हती. शिवाय हे वाहन श्रोत्याच्या दारापर्यंत आधीच पोहोचलेले होते.

या उलटापालटीचा अनुभव घ्यावयाचा असेल तर १४ एप्रिलच्या मिरवणुकीत बेंजो ऐकावा. पनवेल, उरण, ठाणे या पट्ट्यात लग्नाच्या हळदीपासून गणपतीपर्यंत सर्वत्र बेंजोपथके वाजतात. कर्ण्यातून मोठा केलेला तारांचा तो कर्कश, झणझणीत आवाज संगीतातील जाणकारांस सहसा रुचत नाही. रमोन्सची गिटार तरी कोणास रुचली होती? बेंजो शब्द वाजवीत नाही. एकच चाल हळदीच्या मांडवात वाजली तर ऐकणाऱ्यांच्या मनात चित्रपटगीताचे शब्द येतात आणि भीमजयंतीच्या मिरवणुकीत वाजली तर भीमगीताचे. शब्द वाद्यात नाहीत, प्रसंगात आहेत. मूळ कोणते आणि पुनर्गायन कोणते, याचा निर्णय तेथे रस्त्यावर नाचणारा माणूस करतो. ज्या पिढीला ते जुने चित्रपटगीत ठाऊकच नाही, तिच्या दृष्टीने भीमगीत हेच मूळ आहे. एखाद्या मुलाने दूरदर्शनवर जुना चित्रपट पाहताना ‘यांनी आपले गाणे घेतले’ असे म्हटले, तर ते विधान इतिहासाच्या दृष्टीने चुकीचे आणि आस्वादाच्या दृष्टीने अचूक ठरेल.

पनवेलच्या वेशीवरच पळस्पे आहे. तेथून कोकणची वाट मुंबई-पुणे रस्त्यापासून फुटते आणि महाडकडे जाते. चवदार तळ्याच्या सत्याग्रहानंतर डिसेंबर १९२७ मध्ये दाखल झालेला दावा मुंबई उच्च न्यायालयात मार्च १९३७ मध्ये निकालात निघाला. त्या वर्षांत बाबासाहेब याच वाटेने जात-येत असताना त्यांच्यासाठी पाण्याचा माठ घेऊन थांबणाऱ्या सोनबा येलवे यांची कथा या भागात सांगितली जाते. ती कथा येथे पुन्हा सांगण्याचे प्रयोजन नाही. लक्षात घ्यावयाचे ते एवढेच की अशी कथा सांगणाऱ्यागणिक तपशिलात पालटते, तरी माठ, पाणी आणि वाट पाहणे हे सुटत नाही. पुनर्गायनाची कसोटी मला येथेच कोठेतरी आहे असे वाटते. बाज, लय, आवाज, वाद्ये ही सर्व पालटू शकतात. पण प्रत्येक गाण्यात असा एक माठ असतो, आणि तो खाली ठेवला की उरलेले सर्व शाबूत असूनही गाणे राहत नाही. मेटॅलिकाने तो खाली ठेवला. वेट्स यांनी माठाला चिंध्या गुंडाळल्या, पण तो खाली ठेवला नाही.

मग भीमगीतांच्या ध्वनिमुद्रित रूपाचे काय? १९८० नंतर स्वस्त कॅसेट आली आणि या गीतांना प्रथमच मोठी बाजारपेठ लाभली. दादरच्या चैत्यभूमीवर ६ डिसेंबरला आणि नागपूरच्या दीक्षाभूमीवर धम्मचक्र प्रवर्तनदिनी पुस्तकांच्या शेजारी कॅसेटचे आणि पुढे सीडीचे ढीग लागू लागले. यांतील कितीतरी संच ‘विविध गायक’ या सदरात मोडणारे, म्हणजे रचनेने पाहता गौरवसंग्रहच होते. प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप, श्रावण यशवंते, आनंद शिंदे, मिलिंद शिंदे असे गायक, आणि तीच ती गीते वेगवेगळ्या आवाजांत. मात्र एक मूलगामी फरक होता. रमोन्सच्या संग्रहात ज्याची गाणी त्याचाच गौरव होता. भीमगीतांच्या संचात गौरव बाबासाहेबांचा, आणि कवी व गायक हे दोघेही त्या गौरवात सामील झालेले सेवक. यामुळे वामनदादांचे किंवा अन्य कवीचे नाव वेष्टनावर नसले तरी कोणाला फारसे खटकत नसे. गायकाचे छायाचित्र असे, बाबासाहेबांचे चित्र असे, ध्वनिमुद्रण करणाऱ्या कंपनीचे चिन्ह असे. कवी मागे राही. भक्तिगीताच्या बाबतीत हेच घडत आलेले आहे, असे कोणी म्हणेल. परंतु तेथे मुद्रा होती.

मुद्रा येथेही होती. वामनदादांच्या गीताच्या अखेरच्या कडव्यात बहुधा ‘वामन’ हे नाव येते, आणि ते केवळ सही म्हणून येत नाही. पुष्कळदा त्या कडव्यात कवी स्वतःस उद्देशून काही बोलतो, स्वतःला जाब विचारतो. गीताचा रोख बाहेरून आत वळण्याची ती जागा आहे. आता कॅसेटच्या एका बाजूत अमुक इतकी गाणी बसवावयाची, किंवा दूरचित्रवाणीच्या कार्यक्रमात चार मिनिटांत गाणे संपवावयाचे, म्हणून जेथे कडवी कमी केली जातात तेथे कात्री साहजिकच शेवटाकडे लागते. मुखडा गाळता येत नाही, पहिले कडवे गाळता येत नाही. जाते ते मुद्रेचे. वेष्टनावर नाव नाही आणि गाण्यातही नाव नाही, अशी अवस्था होते, आणि कवी आपल्या गीतातून पूर्णपणे नाहीसा होतो. चालीच्या बाबतीत तर ‘चाल’ हा शब्द लिहिण्याची रीतच कॅसेटने मोडून टाकली होती. दोन्ही ऋणचिन्हे पुसली गेली. निरक्षर गायकाच्या तोंडी जे श्रेय सुरक्षित होते ते यंत्राने छापलेल्या वेष्टनावर असुरक्षित झाले, हा या विषयातील मला सर्वांत अस्वस्थ करणारा भाग आहे.

गायनाच्या गुणवत्तेविषयी मात्र सरसकट विधान करता येत नाही. प्रल्हाद शिंदे यांचा खडा, वरच्या पट्टीत सहज उभा राहणारा आवाज विठ्ठलाच्या गाण्यात आणि भीमगीतात एकसारखाच उघडा लागतो. त्यांच्या गायनात विनवणी आणि ललकारी यांच्यामध्ये भिंत नाही. आनंद शिंदे यांनी तो आवाज अधिक धारदार केला. नातू आदर्श शिंदे यांनी तो चित्रपटसंगीताच्या ध्वनिमुद्रणकक्षात नेऊन सांभाळला. तीन पिढ्यांच्या गायनात सफाई उत्तरोत्तर वाढत गेली आहे, आणि सफाई हा दोष नव्हे. पण अलीकडच्या काही ध्वनिमुद्रणांत कृत्रिम तालयंत्रे आणि भरगच्च साथ यांमुळे शब्द मागे सरतात. भीमगीतात शब्द मागे सरले तर उरते ती उसनी चाल, आणि चाल तर मुळात दुसऱ्याची होती. रमोन्सच्या गाण्यात साथ वाढली तर गाणे बिघडते. भीमगीतात साथ वाढली तर गाणे आपल्या जुन्या मालकाकडे परत जाते. हा धोका अधिक गंभीर आहे.

याच्या विरुद्ध टोकाचे उदाहरण विलास घोगरे यांचे. आनंद पटवर्धन यांच्या ‘हमारा शहर’ (१९८५) या माहितीपटात त्यांचे गाणे आहे. घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात जुलै १९९७ मध्ये झालेल्या गोळीबारात दहा माणसे मृत्युमुखी पडल्यानंतर काही दिवसांतच त्यांनी आत्महत्या केली. पटवर्धनांचा ‘जय भीम कॉम्रेड’ (२०११) हा चित्रपट त्या मृत्यूपासून सुरू होतो आणि वस्त्यांतील व मंचावरील अनेक गायकांकडे जातो. त्यास गौरवसंग्रह असे कोणी म्हटलेले नाही, आणि त्यातील गायक घोगरे यांचीच गाणी गातात असेही नव्हे. तरीही एका गायकाच्या मृत्यूनंतर उरलेल्यांनी गात राहणे म्हणजे काय, हे तेथे जितके स्पष्ट होते तितके २००३ च्या त्या भव्य संग्रहात होत नाही. गाण्याची किंमत तेथे गाणाराही मोजत असतो.

कायद्याचा विचार केल्याशिवाय हा विषय पुरा होणार नाही, कारण पुनर्गायनाची व्याख्या आपल्या देशात आता कायद्याने केलेली आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात पूर्वी मूळ ध्वनिमुद्रणानंतर दोन वर्षांनी, सूचना देऊन व मानधन भरून, त्याच गीताचे नवे ध्वनिमुद्रण करण्याची मुभा होती. कॅसेटच्या काळात जुन्या चित्रपटगीतांच्या नव्या आवाजांतील आवृत्त्यांचा पूर लोटला तो याच वाटेने. २०१२ च्या दुरुस्तीने कलम ३१-सी घालण्यात आले. त्यानुसार आता ज्या वर्षी मूळ ध्वनिमुद्रण झाले ते संपल्यापासून पाच वर्षे थांबावे लागते, किमान ५०,००० प्रतींचे मानधन भरावे लागते, आणि हे पुनर्गायन आहे असे वेष्टनावर छापावे लागते. येथवर ठीक. पुढील दोन अटी समीक्षकाने ध्यानपूर्वक वाचाव्यात अशा आहेत. गीतात किंवा संगीतात, हक्कदाराची संमती नसलेला अथवा तांत्रिकदृष्ट्या आवश्यक नसलेला कोणताही बदल करता येत नाही. आणि वेष्टनावर आधीच्या ध्वनिमुद्रणातील कलावंताचे नाव वा चित्र घालता येत नाही.

पहिल्या अटीने टॉम वेट्स यांच्यासारखे पुनर्गायन या परवान्याखाली अशक्य होते आणि ग्रीन डे यांच्यासारखे मुळाबरहुकूम गायन निर्वेध राहते. दुसऱ्या अटीने गौरवसंग्रहच अशक्य होतो, कारण ज्याचा गौरव करावयाचा त्या गायकाचे नावच लिहिता येत नाही. अर्थात स्वतंत्र संमती मिळवून या दोन्ही गोष्टी करता येतात, आणि अटींमागील हेतू ग्राहकाची फसवणूक टाळण्याचा आहे, हेही खरे. तथापि कायद्याच्या मनातील आदर्श पुनर्गायन कोणते, ते यावरून दिसते : बदल नसलेले आणि स्मरण नसलेले. भीमगीत या चौकटीत कोठेच बसत नाही. त्यात शब्द पूर्ण बदललेले असतात, म्हणजे पहिली अट मोडलेली असते. आणि त्याचे सारे अस्तित्वच स्मरणासाठी असते, मात्र ते स्मरण गायकाचे नसते, संगीतकाराचेही नसते. रस्त्यावरच्या बेंजोला या कलमाची खबर नाही, हे त्याचे भाग्यच म्हणावयाचे.

पदव्युत्तर अभ्यासकांपुढे यातून एक व्यावहारिक काम उभे राहते. भीमगीतांवर होणाऱ्या प्रबंधांत संहिता म्हणून बहुधा छापील संग्रह घेतला जातो आणि ध्वनिमुद्रिका परिशिष्टात जाते. मला हा क्रम अपुरा वाटतो. छापील पाठ आणि गायिलेला पाठ हे दोन्ही कडवे-कडवे शेजारी ठेवून पाहिल्याशिवाय कोणते कडवे केव्हा गळाले, कोणत्या गायकाने मुद्रा राखली आणि कोणी सोडली, चाल कोणत्या गीताची होती आणि पुढच्या आवृत्तीत ती बदलली काय, हे कळणार नाही. एखाद्या गायकाने शेवटचे कडवे राखण्यासाठी मधले गाळले असेल, तर ती आस्वादकाच्या दृष्टीने मोठी गोष्ट आहे, आणि तशी उदाहरणे शोधली पाहिजेत. प्रत्येक ध्वनिमुद्रणासाठी चालीचे मूळ, गायिलेल्या कडव्यांची संख्या, मुद्रेचे कडवे, आणि वेष्टनावर छापलेली नावे, असे चार रकाने आखून नोंद करण्यास कोणतेही महागडे साधन लागत नाही. कॅसेटच्या फिती वर्षागणिक चिकटत आणि तुटत चालल्या आहेत, म्हणून हे काम घराघरांतील जुन्या संचांपासून सुरू व्हावे. पनवेल ते महाड या वाटेवरील गावांत असे संच अजून पेट्यांतून पडलेले असणे संभवनीय आहे. मिरवणुकीतील बेंजोचीही नोंद त्यात असावी. चालीचे मूळ त्या वादकांना विचारून लिहिता येईल. कडव्यांचा आणि मुद्रेचा असे दोन रकाने मात्र त्यांच्यापुढे कोरेच राहतील.